लघवीच्या पिशवीत उतरलेली नीळ

अंथरुणाला खिळलेल्या आजींची युरोबॅग एके दिवशी जांभळी झालेली दिसते आणि घरातल्यांचे धाबे दणाणते. करणी झाली, बाधा झाली, किडन्या सडल्या, असे निष्कर्ष तासाभरात निघतात. कुणी अंगारा लावते, कुणी ‘किडनी साफ करणारा’ काढा सुचवते. या प्रकाराला वैद्यकात ‘पर्पल युरिन बॅग सिंड्रोम’ म्हणतात. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद छापून आली आणि हा रंग कसा तयार होतो हेही नीट माहीत झालेले आहे. त्यामुळे अंगाऱ्याची गरज नाही आणि काढ्याने तर नुकसानच होऊ शकते, कारण किडनी आधीच अधू असेल तर काढ्यातले पोटॅशियम आणि अनोळखी घटक तिला झेपत नाहीत.

आधी एक सोपी गोष्ट करून पाहावी. पिशवीच्या तळाच्या तोटीतून थोडी ताजी लघवी काचेच्या भांड्यात घ्यावी. पुष्कळदा ती पिवळी किंवा गडद पिवळीच निघते. रंग चढलेला असतो तो मुख्यतः पिशवीच्या आणि नळीच्या प्लास्टिकवर.

हा रंग येतो जेवणातून. डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल असते. त्यातले जे आतड्यात शोषले जात नाही, त्याचे मोठ्या आतड्यातले जिवाणू इंडोल बनवतात. इंडोल रक्तातून यकृतात जाते. तिथे त्याचे इंडॉक्सिल होते आणि त्याला सल्फेटचा गट जोडला जातो. हे इंडॉक्सिल सल्फेट रंगहीन असते. रक्तात ते अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून फिरते, म्हणून किडनीच्या गाळणीतून ते फारसे गाळले जात नाही. किडनीतल्या सूक्ष्मनलिकांच्या पेशींवरील ओएटी-१ आणि ओएटी-३ हे वाहक ते रक्तातून ओढून लघवीत टाकतात. किडनी निकामी होत गेली की ते रक्तात साठते आणि प्रथिनाला चिकटलेले असल्याने डायलिसिसनेही नीट निघत नाही.

आपल्या सगळ्यांच्या लघवीत हे इंडॉक्सिल सल्फेट असते, पण ती जांभळी होत नाही. कारण सल्फेट तोडणारे कुणी तिथे नसते. कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात घातलेली लघवीची नळी, महिनोन् महिने राहिला की त्याच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा चिकट थर बसतो. त्यात प्रोव्हिडेन्शिया, क्लेबसिएला, प्रोटिअस असे जिवाणू असतात. त्यांच्यातल्या काहींकडे सल्फेट कापणारे विकर असते. ते सल्फेट कापतात, इंडॉक्सिल मोकळे होते आणि ऑक्सिजन मिळताच त्याचे दोन-दोन रेणू जुळून इंडिगो, म्हणजे नीळ, तयार होते. थोड्या इंडॉक्सिलपासून इंडिरुबिन हे लाल द्रव्यही बनते. निळा आणि लाल मिळून जांभळा. इंडिगो पाण्यात विरघळत नाही, म्हणून पिशवीच्या भिंतीवर बसतो. इंडिरुबिन पीव्हीसी प्लास्टिकमध्येच मुरतो.

चंपारणच्या निळीच्या हौदांतही हेच घडत होते. वनस्पतीत इंडॉक्सिल साखरेला जोडलेले असते. पाने हौदात आंबवली की विकराने साखर तुटते, मग पाणी घुसळून हवा मिसळली की नीळ तळाशी बसते. साखरेच्या जागी सल्फेट आणि हौदाच्या जागी युरोबॅग, एवढाच फरक. रेणू तोच.

ही अभिक्रिया अल्कधर्मी लघवीत जोर धरते आणि काळजी घेणाऱ्यांनी नेमके इथेच लक्ष द्यायला हवे. प्रोटिअससारख्या जिवाणूंचे युरिएज हे विकर युरिया फोडून अमोनिया बनवते. त्याने लघवीचा सामू (पीएच) ७ च्या वर चढतो आणि मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे खडे कॅथेटरच्या छिद्रांवर बसतात. म्हणून पिशवी जांभळी दिसली की पहिला प्रश्न लघवी नीट उतरते आहे का, हा विचारावा. नळी पिळली किंवा मांडीखाली दबली आहे का ते पाहावे. ओटीपोट फुगून टणक लागत असेल, लघवी नळीच्या कडेने झिरपत असेल, तर कॅथेटर तुंबला आहे. तो घरी ओढू नये. आतला फुगा पाण्याने भरलेला असतो आणि ओढल्यास मूत्रमार्ग फाटू शकतो. सिस्टरला बोलवून कॅथेटर आणि पिशवी दोन्ही बदलून घ्यावीत.

दुसरे काम पोटाचे. मल आतड्यात जितका जास्त काळ राहील, तितके इंडोल जास्त. शिवाय गुदाशयात खडा धरला की तो कॅथेटरवर दाब देतो. पडून असलेल्या, कमी पाणी पिणाऱ्या माणसाला इसबगोल देऊ नये, ते आत घट्ट होऊन बसते. लॅक्टुलोजसारखे मल मऊ करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. पाणी किती, हेही त्यांनाच विचारावे. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर ‘भरपूर पाणी’ हा सल्ला घातक ठरतो.

रोजच्या चुका ठरलेल्या आहेत. कूस बदलताना किंवा स्ट्रेचरवर घेताना पिशवी पोटावर ठेवतात आणि जुनी लघवी परत मूत्राशयात जाते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता, पलंगाच्या पक्क्या दांडीला अडकवावी. अर्धी ते दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी आणि तोटी भांड्याला टेकू देऊ नये. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधावी. रोज साबण-पाण्याने, नळी शरीराजवळ धरून बाहेरच्या दिशेने पुसावे. डेटॉल, सॅव्हलॉन, पावडर नको.

नुसत्या रंगासाठी अँटिबायोटिक देऊ नये. महिनाभर कॅथेटर असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जिवाणू सापडतात, त्यामुळे कल्चर, म्हणजे लघवीतले जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी, ‘पॉझिटिव्ह’ येणारच. ते करायचेच असेल तर नमुना नव्या कॅथेटरमधून घ्यावा, पिशवीतून कधीच नाही. मात्र ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, हुडहुडी, अचानक भ्रम किंवा गुंगी, रक्तदाब उतरणे, मधुमेही रुग्णाच्या जांघेत लाली किंवा काळेपणा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग तापाआधी भ्रमाने दिसू शकतो. तिथे गेल्यावर कॅथेटर काढून टाकता येईल का, हेही विचारावे. केवळ अंथरूण ओले होते म्हणून तो घातला असेल, तर दर दोन-तीन तासांनी बेडपॅन देऊन, डायपर वापरून, पुरुषांना बाहेरून लावायचा कंडोम कॅथेटर लावून बहुतेक वेळा भागते.