सूर्यकेंद्री सिद्धांत

सूर्य मध्यभागी असून पृथ्वी स्वतःच्या अक्षाभोवती आणि इतर ग्रहांप्रमाणे सूर्याभोवतीही फिरते, असे मानणारी ग्रहमालेची उपपत्ती. पोलिश ज्योतिर्विद निकोलस कोपर्निकस (१४७३–१५४३) यांनी ती पूर्ण गणिती मांडणीसह १५४३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध केली. युरोपातील वैज्ञानिक क्रांतीचा आरंभ रूढीने याच वर्षापासून धरतात, पण त्या वर्षी फारशी मते बदलली नाहीत. पृथ्वीच्या गतीचा पहिला थेट पुरावा मिळायला १७२८ पर्यंत थांबावे लागले. तोवर बहुतेक ज्योतिर्विदांनी सिद्धांत मान्यही केला होता. पुरावा येण्याआधी तो पटला कशामुळे, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्राचीन विचार : सामॉसचे ॲरिस्टार्कस (इ. स. पू. सुमारे ३१०–२३०) यांनी सूर्य व तारे स्थिर आणि पृथ्वी फिरती मानली होती. त्यांचे त्या विषयावरील लेखन उपलब्ध नाही. ही माहिती मुख्यतः आर्किमिडीज यांच्या एका ग्रंथातील थोडक्या उल्लेखावरून मिळते. कोपर्निकस यांना ॲरिस्टार्कस ठाऊक होते. त्यांच्या हस्तलिखितात तसा उल्लेख असून तो छापण्यापूर्वी खोडलेला आहे.

आर्यभट (जन्म ४७६) यांनी ४९९ च्या सुमारास पृथ्वीचे अक्षभ्रमण स्पष्ट शब्दांत सांगितले. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे सरकताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असा त्यांचा दृष्टांत आहे. ब्रह्मगुप्त यांनी त्यावर आक्षेप घेतले आणि नंतरच्या टीकाकारांनी त्या श्लोकाचा अर्थ वळवून घेतला. मात्र अक्षभ्रमण मानणे म्हणजे सूर्यकेंद्र मानणे नव्हे. भारतीय सिद्धांतग्रंथांत बुध-शुक्रांच्या शीघ्रोच्चांचा (गणितासाठी मानलेल्या काल्पनिक बिंदूंचा) भगणकाल, म्हणजे एका फेरीला लागणारा काळ, त्या ग्रहांच्या सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणाकालाइतका येतो. यावरून डच गणितज्ञ बी. एल. व्हान डर वेर्डेन यांनी या गणितामागे एखादी लुप्त सूर्यकेंद्री पद्धती असावी असे सुचविले होते. ग्रंथांतून त्याला आधार मिळत नाही आणि बहुतेक अभ्यासकांनी ते स्वीकारलेले नाही. केरळमधील नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांचे काम अधिक विचारात घेण्याजोगे आहे. त्यांनी बुध-शुक्रांचे मंदफल (असमान गतीसाठी करावयाची दुरुस्ती) नेहमीप्रमाणे सूर्याला न लावता त्या ग्रहांनाच लावले. पाच ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती, असे चित्र त्यांच्या लेखनातून निघते, असे के. रामसुब्रमणियन, एम. डी. श्रीनिवास व एम. एस. श्रीराम यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. ही योजना सोळाव्या शतकातील डॅनिश ज्योतिर्विद टायको ब्राए यांच्या योजनेच्या जवळची आहे; तीत पृथ्वी स्थिरच राहते.

टॉलेमींची पद्धती व तिच्यातील अडचण : ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमी यांनी इ. स. १५० च्या सुमारास रचलेल्या पद्धतीत पृथ्वी स्थिर आहे. ग्रह एका लहान वर्तुळावर (नीचोच्चवृत्तावर) फिरतो आणि त्या वर्तुळाचा मध्य मोठ्या वर्तुळावरून सरकतो. ग्रहाचे वक्री होणे यातून साधते. ही पद्धती भाकितांसाठी उत्तम होती आणि चौदाशे वर्षे ती टिकली, ते केवळ धर्मसत्तेच्या आधारावर नव्हे.

तिच्यातील दोन गोष्टी मात्र विचारवंतांना खटकत होत्या. मोठ्या वर्तुळावरील गती त्या वर्तुळाच्या मध्याभोवती एकसारखी नसून बाजूच्या एका काल्पनिक बिंदूवरून पाहिली तर एकसारखी येई. एखादा खरा गोल आपल्या मध्याव्यतिरिक्त दुसऱ्या बिंदूभोवती समगतीने कसा फिरेल, याचे उत्तर नव्हते. दुसरी गोष्ट चंद्राची. टॉलेमींच्या योजनेत चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर पृथ्वीच्या सुमारे ६४ त्रिज्यांपासून ३४ त्रिज्यांपर्यंत बदलते. तसे असते तर काही अर्धचंद्र पौर्णिमेच्या चंद्राच्या मानाने जवळजवळ दुप्पट व्यासाचे दिसले असते. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यालाही कळावे असे हे वैगुण्य आहे.

मराघा परंपरा व कोपर्निकस : इराणमधील मराघा येथे १२५९ मध्ये मंगोल शासक हुलागूखानाच्या आश्रयाने वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख नासिरुद्दीन तूसी (१२०१–१२७४) यांनी पहिल्या अडचणीवर एक सुंदर उपाय काढला. एका वर्तुळाच्या आत, त्याच्या निम्म्या व्यासाचे दुसरे वर्तुळ कडेला टेकून घरंगळत नेले, तर लहान वर्तुळाच्या परिघावरचा प्रत्येक बिंदू मोठ्या वर्तुळाच्या एका व्यासावर सरळ रेषेत मागेपुढे होतो. म्हणजे केवळ वर्तुळगती वापरून सरळ रेषेतील आंदोलन मिळते आणि बाजूच्या काल्पनिक बिंदूची गरज उरत नाही. या रचनेला ‘तूसी युग्म’ म्हणतात. पुढे दमास्कसच्या उमय्यद मशिदीतील कालमापक इब्न अल्-शातिर (सुमारे १३०५–१३७५) यांनी चंद्रासाठी दुहेरी नीचोच्चवृत्ताची योजना केली व चंद्राचे अंतर आवाक्यात आणले.

कोपर्निकस यांच्या ग्रंथात तूसी युग्म आहे, आणि त्यांची चंद्राची योजना इब्न अल्-शातिर यांच्याशी तंतोतंत जुळते. हे साम्य १९५७ मध्ये व्हिक्टर रॉबर्ट्स यांनी दाखविल्यापासून, कोपर्निकस यांना ही परंपरा ठाऊक होती का, हा वाद चालू आहे. विली हार्टनर यांनी १९७३ मध्ये युग्माच्या आकृत्या शेजारीशेजारी ठेवल्या. तूसींच्या आकृतीत जेथे अरबी अक्षर अलिफ तेथे कोपर्निकसकडे ए, जेथे बा तेथे बी, अशी अक्षरे एक अपवाद वगळता जुळतात. ओटो नॉयगेबाउअर व नोएल स्वेर्डलो यांनी ही माहिती कोपर्निकसपर्यंत पोचली असेच धरले. जॉर्ज सलीबा व जमील रगेप यांनी त्या मताला पुढे बळ दिले. उलट मारिओ दि बोनो व व्हिक्टर ब्लोस्यो यांचे म्हणणे असे की, एकाच अडचणीवर एकाच प्रकारच्या साधनांनी काम केले तर उत्तरे सारखी येऊ शकतात आणि आकृतीतील अक्षरांचा क्रमही स्वाभाविक आहे. वर्तुळगतीतून सरळ रेषा मिळण्याबाबत कोपर्निकस स्वतः प्रोक्लस या ग्रीक लेखकांचा हवाला देतात.

मार्ग कोणता, याबाबतही एकमत नाही. कोपर्निकस १४९६ ते १५०३ या काळात मुख्यतः इटलीत होते: बोलोन्या, रोम, पादुआ व शेवटी पदवीपुरते फेरारा. तूसी युग्माची आकृती असलेले एक ग्रीक हस्तलिखित त्या सुमारास व्हॅटिकनच्या ग्रंथालयात होते, पण कोपर्निकस यांनी ते पाहिल्याचा पुरावा नाही. पादुआ येथील जोव्हान्नी बात्तिस्ता आमिको यांनीही १५३६ मध्ये छापलेल्या पुस्तिकेत हीच युक्ती वापरली, यावरून ती पादुआच्या विद्वत्वर्तुळात फिरत असावी. सलग दुवा सापडलेला नसला, तरी एकाच माणसाकडे इतक्या योजना एकदम जुळणे योगायोगाने होण्यापेक्षा माहितीच्या देवघेवीतून होणे अधिक संभवनीय वाटते. युरोपातील क्रांतीचे श्रेय वाटताना मराघा व दमास्कस यांना आता तळटीपेत ठेवता येणार नाही.

त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे लागते की मराघा परंपरेतील योजना भूकेंद्री आहेत. पृथ्वी हलविण्याचे पाऊल कोपर्निकस यांचे. त्याचे बीज बहुधा जर्मन ज्योतिर्विद रेगिओमोंटानस यांनी पूर्ण केलेल्या व १४९६ मध्ये व्हेनिसला छापलेल्या टॉलेमी-सारात होते. आतील ग्रहांचे नीचोच्चवृत्त काढून त्याऐवजी केंद्र सरकणारे वर्तुळ कसे वापरता येते, हे त्यात दिले आहे. स्वीडनमधील अप्साला येथे जपलेल्या कोपर्निकस यांच्या टिपणांवरून स्वेर्डलो यांनी हा माग लावला.

सिद्धांताचे स्वरूप : पहिला आराखडा एका छोट्या हस्तलिखित टिपणात आहे. क्राकोमधील एका ग्रंथसंग्रहाच्या १५१४ मधील यादीत तशा सहा पानी टिपणाची नोंद सापडते, म्हणून ते त्यापूर्वीचे मानतात. मुख्य ग्रंथ छापला जावा म्हणून रेटिकस या तरुण गणितज्ञांनी खटपट केली. छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसिआंडर यांनी त्याला निनावी प्रस्तावना जोडली आणि ही गृहीतके खरी असण्याची गरज नाही, हिशेब जुळला म्हणजे पुरे, असे तीत म्हटले. कोपर्निकस यांचे मत तसे नव्हते. त्यांच्या दृष्टीने पृथ्वी खरोखरच फिरत होती.

कोपर्निकस यांनी ८० वर्तुळांची ३४ केली, हे वारंवार छापले जाणारे विधान टिकत नाही. ३४ हा आकडा त्यांच्या टिपणातला आहे. अंतिम ग्रंथात वर्तुळे वाढलेली आहेत आणि भाकिते टॉलेमींपेक्षा लक्षणीय अचूक नाहीत. सिद्धांताचा लाभ दुसरीकडे होता. टॉलेमींच्या योजनेत बाहेरच्या प्रत्येक ग्रहाच्या नीचोच्चवृत्ताची त्रिज्या पृथ्वी-सूर्य रेषेशी समांतर राहते आणि बुध-शुक्रांच्या नीचोच्चवृत्तांचे मध्य सूर्याच्याच दिशेला असतात. असे का, याचे उत्तर तेथे नाही. पृथ्वी फिरती मानली की कळते, की प्रत्येक ग्रहाच्या हिशेबात आपल्याच वार्षिक गतीचे प्रतिबिंब मिसळलेले होते. मंगळ सुमारे ७८० दिवसांनी एकदा वक्री होतो, तो सूर्याच्या बरोबर समोर असताना. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किमी. वेगाने धावते, मंगळ सुमारे २४ किमी. वेगाने; आतल्या कक्षेतून पृथ्वी त्याला मागे टाकते तेव्हा काही आठवडे तो उलटा सरकल्यासारखा दिसतो. वक्रीपणा मंगळाचा नसून पाहणाऱ्याच्या गतीचा आहे.

दुसरा लाभ अंतरांचा. पृथ्वी-सूर्य अंतर १ धरले तर कोपर्निकस यांना बुधाचे अंतर सु. ०.३८, शुक्राचे ०.७२, मंगळाचे १.५२, गुरूचे ५.२ आणि शनीचे ९.२ मिळाले. शनी वगळता हे आकडे आजच्या मूल्यांच्या अगदी जवळ आहेत. टॉलेमींच्या पद्धतीत प्रत्येक ग्रहाचे गणित स्वतंत्र होते आणि ही प्रमाणे त्या गणितातून निघत नव्हती. येथे एक अंतर बदलले की सगळी मांडणी बदलते. ज्यांना सिद्धांत पटला त्यांना तो या एकसंधपणामुळे पटला.

स्वीकार व विरोध : असे लोक आरंभी थोडे होते. १५४३ ते १६०० या काळात पृथ्वीची गती खरी मानणारे जेमतेम दहा विद्वान इतिहासकार रॉबर्ट वेस्टमन यांना मोजता आले. कोपर्निकस यांच्या गणितावरून केलेली ग्रहस्थितीची कोष्टके मात्र सर्रास वापरली जात. विरोधातील मुख्य मुद्दा शास्त्रीय होता: पृथ्वी फिरत असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने ताऱ्यांच्या स्थानांत फरक, म्हणजे पराशय, दिसायला हवा. टायको ब्राए (१५४६–१६०१) यांच्या काटेकोर वेधांतही तो दिसला नाही. तेव्हा तारे शनीच्या शेकडो पट दूर असले पाहिजेत, आणि इतक्या दूर असूनही टिकलीएवढे दिसणारे तारे अवाढव्य असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद. त्या काळच्या माहितीनुसार तो बिनचूक होता.

टायको यांच्याच मंगळाच्या वेधांवर योहानेस केप्लर यांनी अनेक वर्षे घालवली. वर्तुळांच्या योजनेत ८ कोनीय मिनिटांची चूक उरत होती. चंद्रबिंबाच्या साधारण चौथ्या भागाएवढी ही चूक त्यांनी सोडून दिली नाही आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा जाहीर केली. त्यांच्या १६२७ च्या कोष्टकांवरून बुधाचे अधिक्रमण (सूर्यबिंबावरून सरकणे) आधीच वर्तविले होते. फ्रेंच विद्वान गासेंदी यांनी ते पॅरिसमध्ये ७ नोव्हेंबर १६३१ रोजी पाहिले. व्यवसायी ज्योतिर्विदांचे मत फिरविण्यात या कोष्टकांच्या अचूकपणाचा वाटा मोठा आहे, जरी लोकप्रिय इतिहासात तो गॅलिलीओंच्या खटल्यामागे झाकला जातो.

गॅलिलीओ गॅलिली यांनी १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र आणि शुक्राच्या कला पाहिल्या. शुक्राच्या सर्व कला दिसणे टॉलेमींच्या पद्धतीत अशक्य होते, पण टायको यांच्या मिश्र पद्धतीत (ग्रह सूर्याभोवती, सूर्य पृथ्वीभोवती) ते बसत होते. गॅलिलीओंनी मुख्य पुरावा म्हणून पुढे केलेली भरती-ओहोटीची उपपत्ती चुकीची होती. १६१६ मध्ये चर्चने कोपर्निकस यांचा ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत रोखला, १६३३ मध्ये गॅलिलीओंना शिक्षा झाली आणि निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून ही पुस्तके वगळायला १८३५ उजाडले. न्यूटन यांच्या १६८७ मधील गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताने ग्रहगतीला कारण मिळाले. थेट पुरावे त्यानंतरचे: जेम्स ब्रॅडली यांनी ओळखलेले ताऱ्यांच्या प्रकाशाचे विपथन, म्हणजे पृथ्वीच्या गतीमुळे त्याची दिशा किंचित बदललेली दिसणे (१७२८), बेसेल यांनी मोजलेला ६१ सिग्नी या ताऱ्याचा पराशय (१८३८, सुमारे एक तृतीयांश विकला; विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आणि पृथ्वीचे अक्षभ्रमण दाखविणारा फूको यांचा लंबक (१८५१).

महाराष्ट्राशी संबंध : कोपर्निकस हयात असतानाच कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ (१५२०) हे आरंभवर्ष धरून ग्रहलाघव रचला. त्यावरून पुढे शतकानुशतके मराठी पंचांगे होत. सूर्यकेंद्री विचार मराठीत आणण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न भोपाळजवळील सिहोर येथे झाला. तेथील ब्रिटिश अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांनी पुराणांतील सपाट पृथ्वीपासून भास्कराचार्यांच्या गोल पृथ्वीकडे आणि तेथून कोपर्निकसकडे, अशा पायऱ्यांनी शिकविण्याचा प्रयत्न केला. त्यांचे सहकारी सुबाजी बापू यांनी या तिन्ही मतांची तुलना करणारा मराठी ग्रंथ १८३६ मध्ये लिहिला. नव्या मताला परके न ठरविता सिद्धांतज्योतिषाशी (भारतीय गणिती ज्योतिषाशी) जोडून घेण्याची ही रीत विशेष उल्लेखनीय आहे. बापूदेवशास्त्री (१८२१–१९००) हेही सिहोरला शिकले व पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले.

केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय ग्रंथांच्या आधारे मराठीत ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली आणि पुढे नव्या पद्धतीचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी तेच काम संस्कृतात पुढे नेले. या पंचांगांवरून जो दीर्घ वाद झाला त्याचा एक प्रमुख मुद्दा अयनांशाचा, म्हणजे राशिचक्राचा आरंभ रेवतीपासून मोजावा की चित्रेवरून ठरवावा, हा होता. ग्रहांच्या कक्षा सूर्याभोवती आहेत हे दोन्ही बाजूंच्या गणितज्ञांनी गृहीत धरलेले होते.