लायोल चाकू

लायोल चाकू : दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों जिल्ह्यातील लायोल या गावाच्या नावाने ओळखला जाणारा, खिशात बाळगायचा घडीचा चाकू. एकच लांबट पाते, पाठीला पोलादी कमान (स्प्रिंग), टोकाकडे किंचित वळलेली मूठ आणि कमानीच्या पुढच्या टोकावर माशीसारखी आकृती ही त्याची सर्वपरिचित ओळख आहे. गावाच्या नावाच्या रोमन लेखनात ‘ग’ असला, तरी तो उच्चारला जात नाही. हे नाव दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितान भाषेतील ‘छोटे प्रार्थनामंदिर’ अशा अर्थाच्या शब्दावरून आले असावे. गाव ओब्राक पठारावर सुमारे १,००० मी. उंचीवर वसले असून गुरे आणि चीज हा तेथील जुना व्यवसाय आहे.

उगम : पठारावरील गुराखी पूर्वी ‘कापुशादू’ नावाचा न मिटणारा, लाकडी मुठीचा साधा चाकू वापरीत. लायोलमधील पहिला चाकू-कारागीर म्हणून काझिमीर मूलें (१८२८) आणि आजच्या चाकूचा जनक म्हणून प्येर-झां काल्मेल (१८२९) यांची नावे परंपरेने दिली जातात. ही वर्षे कारागिरांच्या व्यवसायाच्या आरंभाची म्हणून घ्यावीत. आज डोळ्यांपुढे येतो तो चाकू त्या वर्षी तयार झाला, असा त्यांचा अर्थ होत नाही.

घडीची कल्पना स्पेनमधून आली, हे मत सर्वांत लोकप्रिय आहे. ओब्राकमधील लाकूड कापणारे मजूर हिवाळ्यात कामासाठी कातालोनियात जात आणि येताना तिकडचा ‘नाव्हाखा’ हा घडीचा चाकू आणत. त्यावरून लायोलचा आकार सुचला, असे सांगितले जाते. हे स्थलांतर झाले, यात शंका नाही. मात्र काल्मेल यांच्या नावावर असलेला आरंभीचा लायोल सरळ मुठीचा होता. नाव्हाख्याची आठवण करून देणारी वळणदार मूठ व पाते त्यानंतर, बहुधा १८६० च्या आसपास दिसू लागतात. नाव्हाखा हा मूळ नमुना असता, तर वळण आधी यायला हवे होते. नाव्हाख्याच्या अनेक प्रकारांत पाते उघडताना कट्-कट् वाजणारी दातेरी अडकण असते. लायोलमध्ये ती कधीच नव्हती. शिवाय मिटणारे स्वस्त चाकू फ्रान्सला नवे नव्हते. सेंतेत्येन येथील ‘अस्ताश’ हा साधा, कमान नसलेला चाकू अठराव्या शतकातच शेतकऱ्यांच्या खिशात पोहोचला होता. त्यामुळे घडी फ्रेंच आणि वळण कदाचित स्पॅनिश, अशी विभागणी अधिक पटते. पात्याच्या वळणदार आकाराला ‘यातागान’ म्हणतात. हे मूळ एका तुर्की तलवारीचे नाव. नेपोलियनच्या ईजिप्त मोहिमेवरून परतलेल्या सैनिकांनी तो आकार आणला, ही कथा मात्र फारशी आधाराची नाही. (मराठीतील ‘चाकू’ शब्दही तुर्की-फार्सी वाटेनेच आला असून तुर्कीत त्याचा भाऊबंद असलेला शब्द घडीच्याच चाकूला लावतात.)

टोचा आणि मळसूत्र : सुमारे १८४० पासून काही चाकूंना टोचा जोडला जाऊ लागला. गुरांच्या पोटफुगीवर उपाय म्हणून डावी भकाळी टोचून वायू बाहेर काढण्यासाठी तो होता, असे जवळजवळ प्रत्येक दुकानदार सांगतो. पण या कामाच्या ट्रोकार या उपकरणाला नळी असते. टोचणी काढल्यावर नळी आत राहते, म्हणूनच वायू जात राहतो. नुसत्या भरीव टोच्याने पाडलेले छिद्र कातडे सरकताच मिटते. अडल्या वेळी कोणी तो वापरला असेलही. रोजचा उपयोग मात्र चामडी पट्टे व जुंपणीचे साज यांना भोके पाडणे हाच असावा.

मळसूत्री बूचकाढणी १८८० च्या सुमारास आली. तिचे कारण तितके वादग्रस्त नाही. पठारावरून पॅरिसला गेलेली अनेक कुटुंबे कोळसा आणि वाइन विकत, पुढे कॅफे चालवू लागली. त्यांना बाटली उघडणारा गावाकडचा चाकू हवा होता.

माशी : कमानीच्या टोकाला कारागिरांच्या बोलीत ‘माशी’ म्हणतात, मग त्यावर आकृती कोणतीही असो. जुन्या चाकूंवर ते टोक साधे असते किंवा त्यावर फूल, पान अशी नक्षी असते. आजची मधमाशी १९०८–०९ च्या सुमारास रूढ झाली. नेपोलियनने गावच्या सैनिकांच्या शौर्याबद्दल हे चिन्ह बहाल केले, ही दंतकथा कालगणनेतच अडते : नेपोलियन १८२१ मध्ये वारला आणि चाकूचा पहिला कारागीर त्यानंतर सात वर्षांनी पुढे येतो. त्याच्या राज्याभिषेकाच्या झग्यावर मधमाश्या होत्या, एवढाच धागा खरा आहे. मुठीवरील पितळी टिंबांच्या क्रुसाबद्दलही, गुराखी चाकू पावात खोचून त्यासमोर प्रार्थना करीत, अशी कथा आहे.

नाव आणि त्यावरील वाद : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्वी-द-दोम जिल्ह्यातील त्येर हे चाकूंचे जुने शहर लायोल आकार बनवू लागले. पहिल्या महायुद्धानंतर तर गावातील उत्पादन जवळजवळ थांबले आणि त्येरनेच तो चाकू जिवंत ठेवला. गावात पुन्हा कारखाना निघाला तो १९८७ मध्ये; त्याची इमारत फ्रेंच रचनाकार फिलिप स्तार्क यांनी आखली असून छतातून १८ मी. उंचीचे पाते वर आले आहे. पुढे १९९३ मध्ये पॅरिसलगतच्या एका उद्योजकाने ‘लायोल’ हे नाव अनेक प्रकारच्या मालासाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले. त्याविरुद्धचा दावा २०१२ मध्ये फेटाळला गेला, तेव्हा गावकऱ्यांनी निषेध म्हणून वेशीवरील नावाच्या पाट्याच उतरवल्या. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये गावाच्या बाजूने निर्णय दिला. भौगोलिक मानांकन कारखानदारी वस्तूंनाही देणारा फ्रेंच कायदा २०१४ चा. त्याखाली हे नाव केवळ गावाचे की त्येरचेही, यावर दोन्ही बाजू भांडत आल्या आहेत.

घेणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पात्यावरील ‘लायोल’ हा शब्द आणि माशी यांवरून चाकू कोठे बनला हे कळत नाही. आशियात बनलेल्या अतिशय स्वस्त चाकूंवरही दोन्ही असतात. उत्पादकाचे नाव व ठिकाण पात्यावर आहे का, ते पाहावे.

रचना व निवड : पात्याच्या बुडख्याला एक उथळ खाच आणि कमानीच्या टोकाखाली तिच्यात बसणारा उंचवटा असतो. पाते उघडले की उंचवटा खाचेत दाबून बसतो. यालाच ‘सक्तीची खाच’ म्हणतात. हे कुलूप नव्हे. पाठीवर पुरेसा दाब आला, तर पाते बोटांवर मिटते. म्हणून भोसकण्याच्या किंवा उचकटण्याच्या कामाला हा चाकू नाही. पाव, फळे, चीज, दोरी, कागद हे त्याचे क्षेत्र. जोराच्या कामाला कडे फिरवून पाते पक्के करता येणारा साव्हुआ प्रांतातील ओपिनेल हा घडीचा चाकू अधिक योग्य.

मिटलेला चाकू उजेडाकडे धरून पाहावा. कमान आणि मुठीच्या पट्ट्या यांच्यामधून प्रकाश दिसू नये आणि पाते दोन्ही बाजूंपासून सारखे दूर असावे. उघड्या पात्याचे टोक चिमटीत धरून आडवे हलवले तर ते डुगडुगता कामा नये. मिटताना पाते हाताने आवरत आत न्यावे लागते. मोकळे सोडले, तर कमानीच्या जोराने धार आतल्या पोलादावर आपटते आणि मध्यावर बारीक खळी पडते. जुना चाकू घेताना ही खळी नखाने चाचपावी. माशी कमानीतूनच घडवलेली असेल तर किंमत वाढते, कापण्यात फरक पडत नाही. वरून जोडलेली माशी म्हणजे चाकू बनावट, हे म्हणणेही बरोबर नाही.

मुठीच्या लांबीवरून आकार सांगतात. ११ किंवा १२ सेंमी. खिशाला पुरे, बूचकाढणीने चाकू जाड होतो आणि मुठीवर तिची ओबडधोबड कड हाताला लागते, तेव्हा रोजच्या कामाला एकपाती चाकूच बरा. मूठ शिंगाची, ज्युनिपर किंवा ऑलिव्हच्या लाकडाची असते. शिंगाला पाण्यात भिजत ठेवणे सोसत नाही. पाते न गंजणारे किंवा कार्बन पोलादाचे असते. कार्बनचे पाते कैरी-लिंबाने विळीसारखेच काळे पडते, कापून झाल्यावर पुसले म्हणजे झाले.