सेंटरबोर्ड केसची गळती
शिडाच्या छोट्या होडीत वर-खाली होणारी कील (होडी बाजूला सरकू नये म्हणून तळातून पाण्यात उतरवायची फळी), म्हणजे सेंटरबोर्ड किंवा डॅगरबोर्ड, ज्या उभ्या अरुंद पेटीत असते ती सेंटरबोर्ड केस. ही पेटी खालून उघडीच असते, त्यामुळे आत बाहेरच्या पातळीइतकं पाणी चढणारच, पण पेटीचा वरचा काठ त्याहून उंच ठेवलेला असतो म्हणून ते होडीत येत नाही. गळतं ते पेटी आणि तळ यांच्या जोडातून, नाहीतर पिव्हट बोल्टच्या, म्हणजे ज्याभोवती बोर्ड फिरतो त्या बोल्टच्या, भोकातून.

जोड उघडतो तो बहुतेक वेळा हलण्यामुळे. वारा येतो त्या दिशेच्या शक्य तितकं जवळून होडी चालवताना बोर्डावर बाजूने जोर येतो, पेटी डावी-उजवी डुगडुगते आणि बुडाशी बारीक चीर पडते. उभी असताना कोरडी आणि शीड भरलं की ओली, अशी होडी असेल तर कारण हेच समजा. मग नुसतं सीलंट थापून काय उपयोग, ते परत सुटतं! आधी पेटी आडव्या बैठकीला नाहीतर ब्रॅकेट लावून पक्की करायची, मगच जोडाला हात लावायचा.

प्लायवूड किंवा फायबरच्या होडीत जुना रंग खरवडून, जोड पूर्ण वाळवून (इथेच लोक घाई करतात) कोपऱ्यात इपॉक्सीचा गोलसर भराव (फिलेट) भरतात आणि त्यावर ग्लास टेप, म्हणजे काचतंतूंची पट्टी, चढवतात. जुन्या फळ्यांच्या होडीत लाकूड फुगतं-आकसतं, तिथे पेटी तळाला स्क्रू-बोल्टनी धरलेली असते आणि मध्ये लवचिक सीलंट लागतं, पॉलिसल्फाइड चांगलं. सिलिकॉन मात्र नको, त्याचा अंश राहिला की पुढे रंग धरत नाही आणि इपॉक्सीही. खाऱ्या पाण्यात पितळी स्क्रू आतून कुजतात, डोकं शाबूत दिसतं पण पकड गेलेली असते, म्हणून ब्राँझचे वापरतात. नवी होडी बांधताना पेटीच्या आतल्या बाजूला इपॉक्सी आणि रंग जोडणीआधीच द्यावा, नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

पिव्हट बोल्टला दोन्हीकडे रबरी वॉशर आणि त्यावर रुंद धातूचा वॉशर लागतो. रबर कडक झालं की बदलायचं, नट अजून आवळत बसलात तर पेटीच्या भिंती आत दबून बोर्ड अडकतो.

गळती नेमकी कुठे हे शोधायला होडी जमिनीवर घेऊन खालची फट टेपने बंद करतात, पेटीत रंगीत पाणी ओततात आणि आतून कोरड्या जोडावर खडूची पूड टाकतात, जिथे पूड भिजली तिथे चीर. वेगात असताना पेटीच्या तोंडातून वर उडणारं पाणी ही गळती नव्हे, त्यावर झाकण आणि तळाच्या फटीला दोन्हीकडून रबरी पट्ट्या लावल्या की भागतं.