इंडीज चित्रजवनिका

पॅरिसच्या गोब्लँ या शाही कारखान्यात १६८७ पासून विणलेली आठ चित्रजवनिकांची, म्हणजे टॅपेस्ट्रींची मालिका. पैठणीच्या पदरावरचा मोर जसा बाण्याच्या रंगीत धाग्यांतूनच उतरतो, तसेच यांतले चित्रही कापडाबरोबरच विणले जाते.

मूळ चित्रे ब्राझीलमधली. पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या तिथल्या ऊसमळ्यांच्या मुलखावर योहान मॉरित्स १६३७ ते १६४४ या काळात डचांचा गव्हर्नर होता. आल्बर्ट एकहाउट आणि फ्रान्स पोस्ट या चित्रकारांना त्याने सोबत नेले होते. मळ्यांना गुलाम हवे होते, म्हणून १६३७ मध्येच त्याने फौज धाडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एल्मिना किल्ला घेतला. १६७९ मध्ये त्याने ब्राझीलची चित्रे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भेट दिली. विणकामाचे आराखडे त्यांवरूनच तयार झाले.

जवनिकांत मात्र ब्राझील ब्राझील राहत नाही. एका पटात हत्ती आहे, तर ‘पट्टेरी घोडा’ या पटात झेब्रा. दक्षिण अमेरिकेच्या रानात हे दोन्ही प्राणी नाहीत. युरोपीय दरबाराला त्याचे काही वाटले नाही. ‘इंडीज’ या एका शब्दात अमेरिका, आफ्रिका, आशिया सगळेच मावत होते. ‘वाहून नेला जाणारा राजा’ या पटात दोन काळे भोई दांडीला बांधलेली झोळी खांद्यावरून नेतात. भोवतीच्या फळापानांइतक्याच हौसेने त्यांचीही कांती विणली आहे, आणि खरी खटकणारी गोष्ट तीच: माणूस इथे निसर्गसंपत्तीचाच एक नमुना झाला आहे. मळ्यावरच्या सक्तीचा कुठे मागमूस नाही.

सोळाव्या शतकात ब्रसेल्समध्ये विणलेला दहा पटांचा एक संच सध्या व्हिएन्नात आहे. त्यात दीवची लढाई आणि पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रोची १५४७ मध्ये गोव्यात निघालेली विजययात्रा आहे. तिथे जेत्याचा तोरा उघड दिसतो. गोब्लँच्या पटांत तो फळांच्या ढिगाआड गेला आहे.

मालिका इतकी गाजली, की आराखडे झिजले आणि देपोर्त या चित्रकाराने ते नव्याने रंगवले. ती ‘नवी इंडीज’. माल्टाच्या सेंट जॉन संघाचा, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या धर्मसंघाचा, प्रमुख पेरेल्योस याने १७०८च्या सुमारास मागवलेला मूळ मालिकेचा संच व्हॅलेटाच्या राजवाड्यात आहे. या संघाच्या गलबतांवर गुलामही वल्ही मारत. रोममधल्या फ्रेंच कला अकादमीच्या, म्हणजे व्हिला मेदिचीच्या, दालनातल्या संचावर तिथे राहणाऱ्या कलावंतांनी अलीकडे आक्षेप घेतला.