कंटेंट नेगोशिएशन

एकाच यूआरएलवरील संसाधनाची अनेक रूपे (एचटीएमएल पान वा जेसन स्वरूपातील माहिती, निरनिराळ्या भाषांतील मजकूर, जीझिपने आकुंचित केलेला वा न केलेला) उपलब्ध असताना विनंतीला कोणते रूप पाठवायचे, हे ठरवण्याची एचटीटीपीमधील (वेबवरील देवाणघेवाणीच्या नियमसंचातील) पद्धत. ‘आशय-वाटाघाट’ असा प्रतिशब्द करता येईल. मात्र नेहमीच्या प्रकारात वाटाघाट अशी होतच नाही. क्लायंट (विनंती करणारा ब्राउझर वा प्रोग्रॅम) आपली पसंती एकदाच कळवतो आणि सर्व्हर निवड करून मोकळा होतो.

तिचा आरंभ बहुधा एचटीटीपी १.१ पासून (आरएफसी २०६८, जानेवारी १९९७; आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयक क्रमांकित दस्तऐवज) मानला जातो. तथापि मे १९९६ च्या आरएफसी १९४५ च्या परिशिष्टात ॲक्सेप्ट हेडर (कोणते प्रकार चालतील हे सांगणारी विनंतीतील ओळ) आढळतो, आणि वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९२ च्या सुमाराच्या मसुद्यातही ही कल्पना दिसते. तेव्हा आरंभ मागे नेणेच युक्त वाटते. आरएफसी २६१६ (१९९९) ने ‘सर्व्हर-चलित’ व ‘एजंट-चलित’ (निवड क्लायंटकडे) असे भेद केले होते. २०१४ मध्ये त्यांना अनुक्रमे ‘प्रोॲक्टिव्ह’ व ‘रिॲक्टिव्ह’ ही नावे मिळाली आणि आरएफसी ९११० (२०२२) ने ती कायम ठेवली. निवड कोण करतो हे जुन्या नावांतून लगेच कळे. ‘पारदर्शक’ हा दोन्हींचा मेळ घालणारा तिसरा प्रकार (आरएफसी २२९५, १९९८) प्रायोगिकच राहिला.

ॲक्सेप्टमधील प्रत्येक प्रकाराला ० ते १ दरम्यानचे, जास्तीत जास्त तीन दशांश स्थळांचे ‘क्यू’ हे वजन जोडता येते. ते न दिल्यास १ धरतात. ० म्हणजे ‘नको’. यादीतील क्रमाला प्रमाणात (म्हणजे या अधिकृत नियमांत) अर्थ नाही. अधिक नेमका उल्लेख व्यापक उल्लेखावर मात करतो. समजा, ‘टेक्स्ट/*;क्यू=०.५, टेक्स्ट/प्लेन;क्यू=०, */*;क्यू=०.१’ असे आले (* म्हणजे ‘कोणताही’). येथे एचटीएमएलला (टेक्स्ट/एचटीएमएल) ०.५ व जेसनला (ॲप्लिकेशन/जेसन) ०.१ वजन मिळते आणि साधा मजकूर बाद होतो. हेडरमध्ये ‘जेसन’ ही अक्षरे नुसती शोधणारा कोड इथेच फसतो: जेसन चालत असूनही त्याचे नाव यादीत नाही.

काहीच जुळले नाही तर ४०६ हा ‘स्वीकारार्ह रूप नाही’ असा त्रुटी-संकेत पाठवावा किंवा पसंती बाजूला ठेवून मूलभूत रूप द्यावे. प्रमाणाला दोन्ही मान्य आहे. निवड ॲक्सेप्टवर अवलंबून असेल तर उत्तरात व्हेरी हेडरने तसे सांगावे, आणि मूलभूत रूप पाठवतानाही ते गाळू नये. नाहीतर मधली कॅश (उत्तरे साठवून पुन्हा देणारी यंत्रणा) एकासाठी साठवलेले जेसन एचटीएमएल मागणाऱ्याच्या हाती ठेवते. ४१५ या त्रुटी-संकेताचा संबंध मात्र उलट दिशेशी आहे: क्लायंटने पाठवलेला प्रकार सर्व्हरला चालत नाही.

भाषेची जुळणी आरएफसी ४६४७ (२००६) नुसार होते. ‘एफआर-सीए’ (कॅनडातील फ्रेंच) मागितले आणि सर्व्हरकडे ‘एफआर’ (फ्रेंच) एवढेच असले, तर ‘फिल्टरिंग’ पद्धतीत काहीच सापडत नाही. ‘लुकअप’ पद्धत शेवटचा घटक छाटून ‘एफआर’ देते. अक्षरसंचाची पसंती सांगणारा ॲक्सेप्ट-चारसेट हेडर आता कालबाह्य ठरवला आहे.

अपाचे या वेब सर्व्हरमध्ये ही सोय ‘टाइप-मॅप’ फायली (उपलब्ध रूपांची यादी) किंवा ‘मल्टिव्ह्यूज’ (फायलींच्या नावांवरून रूपे शोधणे) यांद्वारे मिळते.