ठावठिकाणा: वॉलेसच्या प्रवासाने उलगडलेली उत्क्रांती

१८५६ सालच्या जून महिन्यात आल्फ्रेड रसेल वॉलेस हा ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक बालीच्या उत्तर किनाऱ्यावर उतरला तो केवळ नाइलाजाने. त्याला सिंगापूरहून सुलावेसी बेटावरच्या मकास्सरला जायचे होते. पण थेट जाणारे जहाज मिळेना, म्हणून वाट वाकडी करून बाली आणि लोंबॉकमार्गे जावे लागले. किनाऱ्यालगतच्या झाडांवर पिवळ्या डोक्याच्या सुगरणींची बाटलीसारखी घरटी डझनांनी लटकत होती. तांबट होता, हळद्या होता, दयाळ होता, मैनेच्या कुळातला एक पक्षी होता, एक सुतारही होता. आपल्या आमराईत रोज दिसणाऱ्या पक्ष्यांचीच ही भावकी. बालीतला तांबट तर आपल्याकडच्या तांबटाचीच एक उपप्रजाती आहे.

दोन दिवसांनी तो पुढे निघाला आणि सामुद्रधुनी ओलांडून लोंबॉकच्या आंपेनान बंदरात उतरला. ही सामुद्रधुनी त्याच्या हिशेबाने अवघी १५ मैल रुंद. बालीतले पक्षी इथेही भेटतील असे त्याने गृहीत धरले होते. पण अडीच महिन्यांच्या मुक्कामात त्यांतला एकही त्याच्या दृष्टीस पडला नाही. त्यांच्या जागी होते कर्कश ओरडणारे पांढरे काकाकुवा, फुलांतला मध टिपणारे हनीईटर आणि मेगापोड नावाचा कोंबडीएवढा एक अजब पक्षी. मेगापोड अंडी उबवत बसत नाही. पायांनी पालापाचोळा, माती आणि काटक्या ओढून तो ढीग रचतो, त्यात अंडी पुरून निघून जातो आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर पिल्ले बाहेर येतात. लोंबॉकमध्ये वॉलेसने पाहिलेले हे ढीग माणसाच्या उंचीचे, कधी त्याहूनही उंच होते. काकाकुवा, हनीईटर आणि मेगापोड हे तिन्ही ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे पक्षी.

या निरीक्षणाचे मोल कळण्यासाठी त्या काळची समजूत लक्षात घ्यावी लागते. हवामान आणि जमीन जशी असेल तसे जीव तिथे निर्माण केले गेले, असे बहुतेक विद्वान मानत. पण बाली आणि लोंबॉक ही दोन्ही ज्वालामुखीची बेटे, एकाच अक्षांशावर, जवळपास सारख्याच उन्हा-पावसाची आणि हाकेच्या अंतरावर. हवामान हेच कारण असते तर दोन्हीकडे एकच पाखरे दिसायला हवी होती. याचा अर्थ, एखादा जीव कुठे आढळतो याचे उत्तर त्या जागेच्या आजच्या स्थितीत नाही, ते त्या जागेच्या आणि त्या जीवाच्या इतिहासात आहे. माझ्या मते उत्क्रांतीच्या विचाराकडे नेणारी वॉलेसची खरी वाट हीच: प्रत्येक नमुन्याचा नेमका ठावठिकाणा.

ही शिस्त त्याला अंगभूत नव्हती, ती त्याने कमावली होती. १८२३ साली वेल्समध्ये एका ओढगस्तीच्या कुटुंबात जन्मलेल्या वॉलेसची शाळा चौदाव्या वर्षी सुटली आणि मोठ्या भावाच्या हाताखाली तो जमीनमोजणी शिकला. नकाशा काढायची आणि हद्द आखायची ती सवय पुढे जन्मभर उपयोगी पडली असावी, असे मला नेहमी वाटते. १८४८ साली हेन्री वॉल्टर बेट्स या मित्रासोबत तो अमेझॉनला गेला. कीटक आणि पक्षी गोळा करून लंडनमधल्या दलालामार्फत विकायचे आणि त्या पैशावर पुढचा प्रवास करायचा, हा त्याचा चरितार्थ होता. तिथे त्याच्या ध्यानात आले की मोठ्या नद्यांच्या दोन काठांवर माकडांच्या वेगवेगळ्या प्रजाती राहतात. स्थानिक शिकाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होते. अमुक माकड हवे असेल तर ते सरळ नदीपलीकडे जात. संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर मात्र नुसते ‘ब्राझील’ किंवा ‘दक्षिण अमेरिका’ लिहिलेले असे आणि नदीचा कोणता काठ हे सांगायची कोणाला गरजच वाटत नसे. १८५२ साली लिहिलेल्या निबंधात त्याने या ढिसाळपणाबद्दल स्पष्ट तक्रार केली.

त्याच वर्षी परतीच्या वाटेवर भर समुद्रात त्याच्या जहाजाने पेट घेतला. बरोबर आणलेला संग्रह डोळ्यांदेखत जळाला, मासे आणि ताडवृक्षांची थोडी रेखाटने तेवढी हाती राहिली, आणि उघड्या होडीत दहा दिवस काढल्यावर दुसऱ्या जहाजाने त्याला उचलले. दोन वर्षांच्या आत तो पुन्हा घराबाहेर पडला. १८५४ च्या एप्रिलमध्ये तो सिंगापूरला पोहोचला आणि पुढची आठ वर्षे मलाय द्वीपसमूहात, म्हणजे आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांवर, सुमारे १४,००० मैल हिंडला. या काळात जमलेल्या १,२५,६६० नमुन्यांपैकी ८३,२०० भुंगेरे होते आणि ८,०५० पक्षी. कीटकांच्या टाचणीला तो एक इवलीशी गोल चिठ्ठी लावी आणि तिच्यावर बेटाच्या नावाची आद्याक्षरे लिही. हे काम त्याने एकट्याने केलेले नाही. बोर्निओतल्या सारावाकचा अली हा मलाय तरुण आधी त्याचा स्वयंपाकी होता, पुढे तो पक्षी टिपण्यात आणि सोलून पेंढा भरण्यात तरबेज झाला. बाचान बेटावर खांद्यावर लांब पांढरी पिसे मिरवणारा नंदनपक्षी प्रथम अलीच घेऊन आला. त्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आज वॉलेसचे नाव आहे, अलीचे नाही, याची रुखरुख वाटते.

१८५५ च्या पावसाळ्यात सारावाक नदीच्या मुखाशी एका घरात अडकून पडलेल्या वॉलेसने एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक नवी प्रजाती तिच्या जवळच्या नात्यातल्या जुन्या प्रजातीच्या शेजारी आणि तिच्याच काळाला लागून अस्तित्वात येते. शेजार आणि नाते एकत्र दिसतात, कारण एक दुसऱ्यापासून निपजले आहे, हा अर्थ त्यात उघड होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने तो वाचून डार्विनला आवर्जून कळवले. मात्र बदल घडतो कसा, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर १८५८ च्या फेब्रुवारीत तापाच्या झटक्यात सापडले. मोलुक्का बेटांवर, पारा ८८ अंश फॅरनहाइट असताना, थंडीने कुडकुडत घोंगड्यांत गुंडाळून पडलेल्या वॉलेसला बऱ्याच वर्षांपूर्वी वाचलेला माल्थस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा लोकसंख्येवरील निबंध आठवला. रोगराई, दुष्काळ आणि लढाया माणसांची संख्या आवरतात, असे माल्थसने मांडले होते. प्राण्यांची वीण तर त्याहून जोरात होते, तरी त्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढत नाही. म्हणजे दरवर्षी असंख्य जीव मरतात. मग मरते कोण आणि तगते कोण? कोणतेही दोन जीव तंतोतंत सारखे नसतात. ज्याच्या अंगी परिस्थितीला उपयोगी पडणारा थोडासा फरक असेल तो जगण्याची शक्यता जास्त, आणि तोच फरक संततीत उतरतो. हजारो पिढ्या असे होत राहिले की मूळ प्रजातीपासून दूर सरकलेली नवी प्रजाती उभी राहते. ताप उतरल्यावर दोन रात्रींत त्याने हे लिहून काढले आणि मोलुक्कांतल्या तर्नाते बेटावरून डार्विनला धाडले.

वीस वर्षे याच विचारावर खपत असलेला डार्विन ते पत्र वाचून हादरला. लायेल आणि हूकर या त्याच्या मित्रांनी तोडगा काढला आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. डार्विन तिथे नव्हता. त्याचे तान्हे बाळ तीनच दिवसांपूर्वी दगावले होते. वॉलेस तेव्हा न्यू गिनीत आजारपणाशी झुंजत होता आणि त्याची परवानगी घेणे शक्यच नव्हते, कारण पत्र जाऊन उत्तर यायला कित्येक महिने लागत. श्रेय कोणाचे यावर आजही पुष्कळ लिहिले जाते. वॉलेसला स्वतःला त्यात अन्याय दिसला नाही. १८८९ साली या विषयावर लिहिलेल्या ग्रंथाला त्याने डार्विनचेच नाव दिले.

बाली आणि लोंबॉकमधून जाणारी हद्द मात्र निर्विवादपणे त्याची. १८६३ साली त्याने ती नकाशावर काढली आणि पाच वर्षांनी जीवशास्त्रज्ञ हक्स्लीने तिला ‘वॉलेस रेषा’ हे नाव दिले. रेषेच्या पश्चिमेला सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि बाली यांच्यामधला समुद्र उथळ आहे. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खाली गेली तेव्हा ही सारी बेटे आशियाशी जमिनीने जोडली गेली आणि वाघही चालत बालीपर्यंत पोहोचले. लोंबॉकची सामुद्रधुनी इतकी खोल आहे की ती तेव्हाही कोरडी पडली नाही. उथळ आणि खोल पाण्यातला हा फरक वॉलेसने ताडला होता. ऑस्ट्रेलियाला वाहून नेणारे भूपट्टच (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) उत्तरेकडे सरकत आहे, आजही वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर, आणि दोन दूरची जीवसृष्टी त्यामुळेच एकमेकींच्या उंबरठ्याशी आली, हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

सुलावेसीने मात्र त्याला अखेरपर्यंत सतावले. तिथे आशियाई कुळातली माकडेही आहेत आणि ऑस्ट्रेलियाकडचा कस्कस हा पिशवीधारी प्राणीही. आधी त्याने हे बेट रेषेच्या पूर्वेला ठेवले होते. १९१० साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्याने आपली रेषा पुसून सुलावेसीच्या पलीकडच्या अंगाने पुन्हा काढली.