आरशाचा कॅमेरा, खिशातला कॅमेरा आणि उलटा झालेला भाव

भाचीला कॅमेरा घ्यायचा होता म्हणून मध्यंतरी फोर्टात, बोरा बाजारात गेलो होतो. काउंटरच्या काचेखाली दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या. एक दहा-बारा वर्षं वापरलेला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला मोठा डिजिटल कॅमेरा, किट लेन्ससकट (बॉडीसोबतच मिळणारी साधी लेन्स). दुसरा साबणाच्या वडीएवढा चंदेरी डिजिटल कॅमेरा, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला. भाचीने छोट्याचा भाव विचारला, मग मोठ्याचा. छोटा महाग निघाला. "मामा, हे उलटं नाही का?" दुकानदारच हसला. म्हणाला, "छोटा आला की दोन दिवसांत जातो. मोठे पडून आहेत, किती हवेत बोला."

उलटं आहेच. पंधरा वर्षांपूर्वी छोटा कॅमेरा घरोघरी असायचा आणि मोठा घ्यायला पगारदार माणूससुद्धा हप्ते पाडायचा. हा भाव कसा फिरला ते कळायचं तर दोन्ही कॅमेऱ्यांची घराणी वेगळी आहेत, तिथून सुरुवात करायला हवी. मोठा कॅमेरा छोटा करत नेला की खिशातला होतो, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. एक फिल्मच्या घरातून आला आणि दुसरा, निदान त्याचा सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग) तरी, व्हिडिओ कॅमेऱ्याच्या घरातून.

आधी आरसेवाला. एसएलआरमध्ये (त्याचाच डिजिटल अवतार तो डीएसएलआर) लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशात बसवलेल्या आरशावर आदळून वर जातो, तिथल्या पंचकोनी प्रिझममधून सुलटा होऊन डोळ्याशी येतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं, बंद होतं, आरसा खाली येतो. 'खटॅक' हा जो आवाज आहे तो बराचसा या आरशाचा. १९३६ च्या जर्मन एक्झाक्टात आरसा होता पण प्रिझम नव्हतं. ते १९४९ साली ड्रेस्डेनच्या काँटॅक्स एसमध्ये आलं. फोटो काढल्यावर आरसा आपोआप खाली यावा ही सोय जपानच्या 'असाही' नावाच्या कंपनीने १९५४ साली केली. १९५९ साली निकॉन एफ आला आणि वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर त्याच्यामागे गेले.

यातली एक गोष्ट आजच्या निवडीपर्यंत पोचते. आरशाला उठबस करायला जागा लागते. त्यामुळे निकॉनच्या त्या माउंटमध्ये (बॉडीवर लेन्स अडकवायची कडी) लेन्सची बैठक आणि फिल्म यांत ४६.५ मिलिमीटर अंतर ठेवलं गेलं. फिल्म गेली, सेन्सर आला, अंतर तेच राहिलं, कारण जुन्या लेन्स बसायला हव्यात. डीएसएलआर जाड का, याचं उत्तर १९५९ सालात आहे. आत इलेक्ट्रॉनिक्स कितीही बारीक झालं तरी साडेचार सेंटीमीटरची ती पोकळी कोणी बुजवू शकत नव्हतं.

डिजिटलची सुरुवात अगदीच ओबडधोबड. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या इंजिनियरने जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तो १०० गुणिले १०० ठिपक्यांचं कृष्णधवल चित्र काढायचा आणि ते कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद घ्यायचा. १९९१ साली कोडॅकनेच निकॉन एफ३ च्या पाठीमागे १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर बसवून विकायला काढला. फोटो साठवायला हार्ड डिस्कची वेगळी पेटी खांद्याला अडकवावी लागे आणि किंमत २० हजार डॉलरच्या घरात. हा वृत्तसंस्थांचा खेळ होता. १९९९ चा निकॉन डी१ सगळा एका अंगात आला: २.७ मेगापिक्सेल, साडेसहा लाख येन.

सामान्य माणसाच्या हातात डीएसएलआर आला तो २००३ साली, कॅननच्या ईओएस ३००डीमुळे. ६.३ मेगापिक्सेल, चंदेरी प्लास्टिकची बॉडी, लेन्ससकट ९९९ डॉलर. हजाराच्या आत हे त्याचं खरं वैशिष्ट्य, बाकी बॉडी हातात खेळण्यासारखीच वाटायची. निकॉनने पुढच्या वर्षी डी७० आणला आणि २००६ च्या अखेरीस डी४०. डी४० चा एक हिशेब आजही सेकंडहँड घेणाऱ्यांना नडतो. स्वस्त आणि हलका करण्यासाठी निकॉनने बॉडीतली फोकसची मोटर काढून टाकली. त्यामुळे ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही त्या बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. कॅननच्या गिऱ्हाइकाला ही भानगड नाही, कारण १९८७ साली माउंट बदलतानाच त्यांनी मोटर लेन्समध्ये टाकली होती. तेव्हा जुन्या लेन्स निकामी झाल्या म्हणून लोक चिडले होते. वीस वर्षांनी त्याचा फायदा झाला.

आता दुसरं घराणं.

खिशातल्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीत सेन्सरचं माप '१/२.३ इंच' असं लिहिलेलं असतं. पट्टी घेऊन मोजलात तर कुठल्याच बाजूने ते माप येणार नाही. सेन्सर जेमतेम ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर भरतो, करंगळीच्या नखाहून लहान. मग हा इंच आला कुठून? जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत चित्र टिपायला काचेची नळी असायची, व्हिडिकॉन नावाची. नळीचं माप बाहेरच्या व्यासावर सांगायचे, आणि चित्र उमटायचं ते त्याच्या साधारण दोन तृतीयांश भागात. नळ्या भंगारात गेल्या, मापं राहिली. म्हणून 'एक इंची' सेन्सरही प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो. गिऱ्हाइकाला फसवायला कोणी हे मुद्दाम काढलं नसेल, पण काढलं असतं तर याहून चांगलं जमलं नसतं.

घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी असे चिमुकले सेन्सर ढिगाने बनत होतेच. तेच फोटोच्या कॅमेऱ्यात गेले. १९९५ चा कॅसिओ क्यूव्ही-१० चित्र काढायचा ३२० गुणिले २४० ठिपक्यांचं, म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण त्याच्या पाठीवर छोटा पडदा होता आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसायचा. ३६ फोटोंचा रोल संपेपर्यंत थांबायचं, मग स्टुडिओत धुवायला टाकायचा, ही सवय तिथेच मोडायला लागली. २००० साली कॅननचा डिजिटल इक्सस आला, २ मेगापिक्सेलचा आणि खरोखर शर्टाच्या खिशात मावणारा. २००३ च्या पेंटॅक्स ऑप्टिओ एसमध्ये तर कॅमेरा बंद केला की लेन्समधला भिंगांचा एक गट बाजूला सरकून दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसायचा. सेन्सर लहान असेल तरच लेन्स इतकी लहान होऊ शकते. या घराण्याचा सगळा चमत्कार आणि सगळा अडसर त्या एका गोष्टीत आहे.

मग लागली मेगापिक्सेलची शर्यत. नखाएवढ्या जागेत २ चे ५, ५ चे ८, ८ चे १२. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला येणारा प्रकाश कमी होत गेला आणि संध्याकाळनंतरच्या फोटोंत रांगोळी सांडल्यासारखे दाणे दिसू लागले. कॅननचा जी१० २००८ साली १४.७ मेगापिक्सेलचा होता. पुढच्या वर्षीचा जी११ त्यांनी १० मेगापिक्सेलवर उतरवला. कंपनीने पिक्सेल कमी केले आणि वर त्याचीच जाहिरात केली, असे प्रसंग या धंद्यात फार नाहीत.

आपल्याकडे ही दोन्ही घराणी एकाच वेळी येऊन भिडली. नव्वदीत घरात असायचा यशिका किंवा कोडॅकचा केबी-१०, त्याआधीच्या पिढीकडे आग्फाचा क्लिक थ्री. २००० नंतर दुबईहून, अमेरिकेहून येणाऱ्या काका-मावश्यांच्या बॅगेतून छोटे डिजिटल उतरले. बारशाला, डोहाळजेवणाला तेच फिरायचे, फ्लॅश मारून सगळ्यांचे डोळे लाल. आणि २०१० च्या आगेमागे डीएसएलआरची लाट आली. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पोरगा गेला की गळ्यात डीएसएलआर आणि फेसबुकवर स्वतःच्या नावापुढे 'फोटोग्राफी'. कास पठारावर फुलांपेक्षा ट्रायपॉड जास्त असायचे ते हे दिवस.

लग्नाच्या धंद्यात मात्र ही हौस नव्हती, पोटापाण्याचा प्रश्न होता. २००८ साली निकॉनचा डी९० हा व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर ठरला, आणि पाठोपाठ कॅननच्या ५डी मार्क टूने पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरवर फुल एचडी दिलं. खांद्यावरचा टेपवाला व्हिडिओ कॅमेरा आणि त्याच्यासोबत डोळे दिपवणारा हॅलोजनचा दिवा धरून उभा असलेला पोरगा, ही जोडी मांडवातून हळूहळू दिसेनाशी झाली. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओंनीही दोन-दोन बॉडी घेतल्या.

त्याच २००८ साली पॅनासॉनिकने जी१ काढला. त्यात आरसाच नव्हता. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पण आरसा काढला की ती साडेचार सेंटीमीटरची पोकळीही जाते. निकॉनने २०१८ साली नवा माउंट आणला तेव्हा ४६.५ चं अंतर १६ मिलिमीटरवर आलं. कॅनन-निकॉनचे शेवटचे मोठे डीएसएलआर २०२० सालचे, आणि त्याच वर्षी जपानी कंपन्यांच्या विक्रीत मिररलेसने, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी, डीएसएलआरला मागे टाकलं. स्टुडिओवाल्यांनी नवीन घेतलं आणि जुन्या बॉडी, लेन्स, फ्लॅश पोत्यांनी बाजारात सोडले. मोठा स्वस्त झाला तो असा.

छोट्याचं मरण वेगळं. २०१० साली जपानी कंपन्यांनी १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे विकले, त्यातले १० कोटींच्या वर खिशातले. २०२३ साली एकूण आकडा ८० लाखांच्या आत आणि खिशातले २० लाखांच्याही खाली. कारण सांगायला नकोच, ते तुमच्या हातात आहे. कंपन्यांनी स्वस्तातले मॉडेल बंद केले आणि फोनला जमणार नाही तेवढंच ठेवलं. सोनीचा आरएक्स १०० (२०१२) त्या वळणावरचा: 'एक इंची' सेन्सर, २० मेगापिक्सेल, भरपूर प्रकाश आत घेणारी एफ १.८ ची लेन्स, वजन २४० ग्रॅम. रिकोच्या जीआरने २०१३ साली डीएसएलआरच्या मापाचा सेन्सर खिशात बसवला, पण झूम नाही.

आणि कंपन्यांनी बनवणं थांबवल्यावर पोरांना ते हवेसे झाले. २०२२ नंतर रीलमधून 'डिजिकॅम'ची हौस पसरली. फुजीच्या एक्स१००व्हीसाठी लोक महिनोन् महिने रांगेत राहिले. जुन्या चिल्लर मॉडेलनाही भाव आला. यामागे 'सीसीडी (जुन्या पद्धतीच्या) सेन्सरचे रंग' असं एक कारण सांगितलं जातं. मला ते पटत नाही. तो रंग मुख्यतः समोरून मारलेल्या फ्लॅशचा आणि त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या जेपेग प्रक्रियेचा आहे. आणि सीसीडीच हवा असेल तर डी४०, डी७० मध्ये तोच आहे, १/२.३ इंची सेन्सरच्या तेरा पट क्षेत्रफळाचा आणि कमी पैशांत. पण पार्टीला डी४० गळ्यात घालून कोण जातं?

आता निवडीचं. 'डीएसएलआरचा सेन्सर मोठा, म्हणून फोटो चांगला' हे वाक्य कुठल्या सालचा डीएसएलआर, हे विचारल्याशिवाय अर्धवट आहे. २०१० च्या आसपास सेन्सर फार सुधारले. २००६ चा डीएसएलआर आयएसओ १६०० ला (कमी उजेडासाठी संवेदनशीलता वाढवली की) धापा टाकतो. २०१२ चा एक इंची खिशातला त्याच्या बरोबरीने चालतो, कारण त्यांच्या क्षेत्रफळात फरक तिपटीचाच आहे. २०१२ नंतरच्या डीएसएलआरपुढे मात्र तो मागे पडतो. आणि १/२.३ इंची छोटा घेणार असाल तर तो आठवणींसाठी घ्या, दर्जासाठी नको. तुमचा फोन त्याहून बरा आहे.

दुरुस्तीतही घराण्याचा फरक दिसतो. डीएसएलआरची लेन्स निघते, म्हणजे खराब झाली तर बदलता येते. शटर किती वेळा उडालं ते मोजता येतं; डी९० सारख्या बॉडीचं शटर १ लाख वेळांसाठी तपासलेलं असतं. छोट्याची लेन्स बॉडीतच. गणपतीपुळ्याच्या वाळूचा एक कण त्या आत-बाहेर होणाऱ्या नळीत गेला की पडद्यावर 'लेन्स एरर' आणि खेळ खलास. आपल्या हवेत फंगस, म्हणजे बुरशी, दोघांनाही लागतो. एका पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे उगवतात. मोठ्या लेन्समधला कारागीर उघडून पुसतो, छोट्यातला सहसा कोणी हातात घेत नाही.

बोरा बाजारात मी मोबाइलचा टॉर्च लावून मोठ्याच्या लेन्समध्ये मागून उजेड टाकला. काठाला एक धागा होता, बारीक. दुकानदाराने न बोलता दुसरी किट लेन्स काढून दिली. तीच लेन्स त्याच्याकडे एका टोपलीत वीसेक होती. भाचीने तोवर चंदेरी छोटा सुरू केला. लेन्स अर्धी बाहेर आली, किर्र वाजली आणि थांबली. दुकानदाराने तो हातात घेऊन तळव्यावर दोनदा आपटला. लेन्स पूर्ण बाहेर आली. "चालतो," तो म्हणाला आणि भाव पाचशेने खाली आणला.